नाशकात आपली पहिली झाडांची फिशटँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमध्ये दोन फुटांची झाडांची टाकी आहे. तिला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, परदेशी माती नाही, मोठा फिल्टर नाही. घरी येणारं प्रत्येक माणूस तिच्यासमोर थोडा वेळ थांबतं आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न फोनवरही येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: आधी झाडं, मासे नंतर.

लो-टेक टाकी म्हणजे नक्की काय?

जिथे झाडं मंद उजेडात, सिलिंडरशिवाय, सावकाश वाढतात ती. झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड माशांच्या श्वासातून, मातीत कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून आणि हवेतून मिळतो. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया माशांसाठी विष असतो, पण झाडं तोच खत म्हणून शोषून घेतात. म्हणून भरपूर झाडं असलेल्या टाकीत अर्धं फिल्टरचं काम झाडंच करतात. ती शोभेपुरती चार काड्या असतील, तर मात्र हा हिशेब जुळत नाही.

पहिली टाकी केवढी घ्यावी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने ती ५६-५७ लिटरची भरते, पण माती, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ४० लिटरच मावतं. लहान टाकी सोपी असते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर उलट आहे. गोल बरणीत एक मासा मेला, दोन दाणे जास्त पडले की पाणी लगेच बिघडतं. ४० लिटरात चूक सुधारायला दोन दिवस तरी मिळतात.

भरलेली टाकी काच, खडी, पाणी धरून ७० किलोच्या आसपास जाते. टीव्हीचं हलकं प्लायवूडचं टेबल तिच्यासाठी नाही. खाली थर्माकोलची शीट घाला आणि पाणी भरायच्या आधी लेव्हल बघा. भरलेली टाकी कधीही सरकवू नका, सांधे सुटतात.

वास्तूप्रमाणे कुठे ठेवायची?

घरातले मोठे ईशान्य म्हणत असतील तर ईशान्येला ठेवा, पण सकाळचं ऊन थेट काचेवर पडत नाही ना ते आधी बघा. ऊन पडत असेल तर पडदा लावा, नाहीतर महिन्याभरात पाणी हिरवंगार होईल. जवळ प्लग आणि बादली घेऊन उभं राहायला जागा, एवढं मिळालं की झालं.

माती कोणती घालायची? आपली काळी माती चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

काळी माती चालते. तिच्यातली चिकणमाती पाण्यातली पोषणद्रव्यं धरून ठेवते आणि मुळांना हळूहळू देते. पण तिला दोन अडचणी आहेत. पहिली, ती फार बारीक असते आणि घट्ट बसते. थर जाड झाला तर आत हवा पोचत नाही, माती सडते आणि ढवळली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून थर एका इंचाच्या वर जाऊ देऊ नका आणि मातीत तिच्या एक तृतीयांश जाडसर वाळू मिसळा. दुसरी अडचण चुनखडीची. आपल्याकडच्या काळ्या मातीत पांढरे खडे सापडतात. त्यांच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो चुना, पाण्यात राहिला तर पाणी आणखी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, करत राहणार. चाळून काढून टाका.

माती कुठली घेता ते महत्त्वाचं. ज्या शेतात रासायनिक खतं आणि फवारण्या होतात तिथली घेऊ नका, द्राक्षबागेतली तर मुळीच नको. वर्षानुवर्षं खत न पडलेली परसातली, झाडाखालची माती सगळ्यात चांगली.

आता तयारी. माती बादलीत भिजवा, काठीने ढवळा, वर तरंगणारा पालापाचोळा आणि मुळं काढून टाका. माती खाली बसली की वरचं पाणी ओता. असं आठवडाभर रोज एकदा करा. मग कागदावर पसरून उन्हात वाळवा आणि पिठाच्या नाही, रव्याच्या चाळणीने चाळा. या आठवड्यात मातीतलं पाण्यात विरघळणारं खत आणि सहज कुजणारा भाग बराचसा निघून जातो. हीच पायरी लोक गाळतात.

मीही गाळली होती. पहिल्या टाकीला नर्सरीतून कुंडीसाठीची तयार माती आणली, शेणखत आणि गांडूळखत घातलेली, मस्त काळीभोर. तशीच पसरली, वर खडी घातली, पाणी भरलं आणि चौथ्या दिवशी सहा मॉली सोडल्या. सहाव्या दिवशी सकाळी सगळ्या मॉली पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून उभ्या होत्या, कल्ले भराभर हलत होते. मला वाटलं भूक लागली, म्हणून मी खाणं घातलं. संध्याकाळपर्यंत चार गेल्या. शेणखत पाण्यात कुजून अमोनिया सुटत होता आणि तो पचवायला टाकीत ना पुरेशी झाडं होती ना जिवाणू. ती सकाळ मी विसरलेले नाही. कुंडीची तयार माती टाकीत घालू नका.

खडी कुठली आणि किती?

दोन ते तीन मिलिमीटरची बारीक खडी किंवा जाड वाळू, मातीवर एक ते सव्वा इंच. या मापाच्या टाकीला ९-१० किलो लागते. बांधकामाची चाळलेली वाळूही चालते, फक्त पाणी नितळ येईपर्यंत घमेल्यात धुवायची. रंगीत खडी, संगमरवराचे तुकडे, शंखशिंपले नकोत. शोभेला मोठा दगड हवा असेल तर आपला काळा पाषाण उत्तम, त्यातून पाण्यात काही उतरत नाही. व्हिनेगरची परीक्षा त्यालाही लावाच, कारण भेगांत कधी कधी पांढरी खनिजं असतात.

नळाचं पाणी वापरू की बोअरचं?

शहराला येणारं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं. ते टाकीला चांगलं असतं, फक्त त्यातलं क्लोरीन काढावं लागतं. रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारण्याचं औषध मिळतं, त्याचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला. ज्या दिवशी नळ सोडला की क्लोरीनचा भपकारा येतो, त्या दिवशी टाकीला हातच लावू नका. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर दोन दिवस साठवून, वरचं नितळ तेवढं घ्या.

बोअरचं पाणी बहुतेक सोसायट्यांत जड असतं. ओळखायचं कसं? गिझरला आणि शॉवरच्या जाळीला पांढरा थर धरतो का बघा. जड पाणी गप्पी आणि मॉलींना आवडतं, वॅलिस्नेरिया हे पाण्यातलं झाडही त्यात छान फोफावतं. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्याचे मासे मात्र त्यात रमत नाहीत. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते झाडांनाही लागतात, माशांनाही. फारच जड असेल तर अर्धं आरओ, अर्धं बोअर.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देतं आणि जानेवारीच्या पहाटे बर्फासारखं असतं. नळीने थेट टाकीत सोडू नका. बादलीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कुठली झाडं लावू?

पहिल्या टाकीत भराभर वाढणारी झाडं जास्त लावा, सुंदर दिसणारी कमी. भराभर वाढणारी झाडं अमोनिया आणि नायट्रेट खेचून घेतात, शेवाळाला काही उरत नाही. मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया आणि वॉटर विस्टेरिया, मध्ये नीरब्राह्मी, पुढे क्रिप्टोकोरिन. लाकडावर किंवा दगडावर जावा फर्न आणि अनुबियास दोऱ्याने बांधा. पाण्यात मोकळं सोडायला हॉर्नवर्ट. त्याला मुळंच नसतात, लावायची भानगड नाही, आणि पहिल्या महिन्यात त्याच्याइतकं काम कुणी करत नाही.

नीरब्राह्मी म्हणजे दुकानात बकोपा म्हणून मिळते ती, जाडसर लंबगोल पानांची. काही जण गोल पानांच्या मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणतात, ती वेगळी. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, विस्टेरिया, नीरब्राह्मी ही सगळी आपल्याच देशातली झाडं आहेत. इथल्या पाण्याला आणि हवेला ती सरावलेली असतात, याचा मला फार आनंद वाटतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जावा फर्न आणि अनुबियासचा आडवा जाड कंद मातीत पुरू नका, सडतो. आणि क्रिप्टोकोरिन लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत तिची पानं विरघळल्यासारखी होऊन गळली तर घाबरून उपटू नका. मुळं जिवंत असतात. महिन्याभरात नवी पानं येतात, आणि ती तुमच्या पाण्यात जन्मलेली असल्यामुळे टिकतात.

दुकानात लकी बांबू, ड्रेसिना, रंगीत पट्ट्यांची काही पानं पाण्यात बुडवून ठेवलेली असतात. ती पाण्यातली झाडं नाहीत. महिनाभर उभी राहतात आणि मग सडतात.

पहिल्याच दिवशी दोन तृतीयांश जमीन झाकली जाईल एवढी झाडं लावा. सगळा खर्च कापा, झाडांचा कापू नका.

लाइट किती तास?

सुरुवातीला सहा, दोन महिन्यांनी आठ. या मापाला ९-१० वॉटचा साधा पांढरा एलईडी पुरतो, ६५०० केल्विन लिहिलेला. बंद-चालूला टायमर लावा. माणूस विसरतो आणि बारा तास दिवा जळतो.

लाइट पुरेसा आहे का, हे कळायला यंत्र लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवायचे आणि वरच्या परीक्षानळीत बुडबुडे जमायचे, आठवतंय? तेच घरी दिसतं. दिवा लागून चार-पाच तास झाले की हायड्रिलाच्या तुटलेल्या टोकातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागून एक, ओवलेल्या मण्यांसारखे वर निघतात. खुर्ची ओढून बघत बसा.

मासे कधी सोडायचे?

झाडं लावल्यापासून किमान चार आठवड्यांनी, सहा झाले तर अधिक चांगलं.

या काळात डोळ्यांना न दिसणारं काम चालतं. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना मारक, तिसरा पुष्कळ सौम्य. हे जिवाणू खडीवर, स्पंजवर, पानांवर वस्ती करतात आणि सावकाश वाढतात. ओळखीच्या कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिचा फिल्टरचा स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या. पाणी दोन तास गढूळ दिसेल, पण तुमचे काही आठवडे वाचतील.

टेस्ट किट एकच घेणार असाल तर अमोनियाचा घ्या. अमोनिया सलग आठवडाभर शून्य दिसला आणि झाडांना नवी पानं फुटली की पहिले तीन-चार मासे आणा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग कपाने थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला, आणि शेवटी मासे जाळीने घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. उरलेले मासे दोन आठवड्यांनी.

मुलांना चार आठवडे थांबवणं कठीण जातं, हे मान्य. त्यांना वहीत रोज एक झाड काढायला सांगा. माझ्या भाचीने पंचवीस दिवस एकाच क्रिप्टोकोरिनचं चित्र काढलं. पानं गळताना आणि परत येताना तिच्या वहीत दिसतात.

कोणते मासे, किती?

४० लिटरला आठ-दहा लहान मासे. नाशिकच्या हवेला झेब्रा डॅनियो आणि चेरी बार्ब उत्तम, थंडी सोसतात. गप्पी घेणार असाल तर नुसते नर घ्या. मादी आली की दर महिन्याला पिल्लं, आणि मग जागा पुरत नाही. फायटर सुंदर असतो, पण त्याला हिवाळ्यात हीटर लागतोच, आणि दोन नर एकत्र कधीच नाही.

गोल्डफिश नको. घाण फार करतो आणि कोवळी झाडं खातो. काच साफ करायला म्हणून दोन इंची सकर देतात, तो फूटभर होतो. तोही नको.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

फिल्टर लागतो का?

साधा स्पंज फिल्टर आणि लहान एअर पंप पुरे. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

काचेवर तपकिरी थर आलाय, पाणी हिरवं झालंय. सगळं काढून परत सुरू करू का?

नाही! नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तपकिरी धुळीसारखा थर येतोच. बोटाने पुसला की निघतो आणि महिना-दीड महिन्यात आपोआप थांबतो. हिरव्या पाण्याला दिवा चार तासांवर आणा, ऊन अडवा, हॉर्नवर्ट वाढवा. केसांसारखं लांब शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढा. निळसर हिरवा, बुळबुळीत, वास येणारा थर पसरला तर तो नळीने शोषून काढा, तीन दिवस टाकी चादरीने पूर्ण झाका आणि पंप चालू ठेवा.

शेवाळ मारायची औषधं मी वापरत नाही. त्यांतली काही झाडांनाही मारतात आणि मूळ कारण तसंच राहतं: उजेड जास्त, झाडं कमी, किंवा खाणं जास्त.

झाडांबरोबर गोगलगायी आल्या. वाईट आहे का?

नाही. सडकी पानं आणि उरलेलं खाणं खातात. त्यांची संख्या भसाभस वाढली तर तुम्ही खाणं जास्त घालताय, एवढाच अर्थ. मुळीच नको असतील तर नवी झाडं तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावा.

नाशिकची थंडी आणि उन्हाळा झेपतो का?

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बंद खोलीतलं पाणीही बरंच गार होतं. डॅनियो आणि चेरी बार्बचं त्यात बहुधा निभतं, फक्त ते कमी खातात, म्हणून खाणं निम्मं करा. गप्पींना आणि फायटरला ५० वॉटचा हीटर द्या. पाणी बदलताना हीटर बंद करायला विसरू नका, कोरडा पडला तर काच तडकते.

उन्हाळा मला जास्त काळजीचा वाटतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढा, पृष्ठभागावर टेबलफॅनची हवा जाऊ द्या, दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी भराभर आटेल, ते रोज भरून काढा. पण आटलेलं भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ जाते, क्षार मागे राहतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी काढून नवं घालायचंच. काढलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला, त्यांना ते खत आहे.

लाइट गेली तर मासे मरतात का?

तीन-चार तासांत काही होत नाही, मासे कमी असतील तर त्याहून जास्त वेळही निभतो. रात्री मात्र झाडंही प्राणवायू घेतात, म्हणून लांबली तर मगाने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत टाकीत सोडत राहा. पंप इन्व्हर्टरवर घेता आला तर प्रश्नच मिटला.

दिवाळीत आठ दिवस गावाला जायचंय. शेजाऱ्यांना किल्ली देऊ का?

मोठे, निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, आणि झाडांच्या टाकीत त्यांना काहीबाही टिपायला मिळतंच. शेजारच्या काकू प्रेमाने मूठभर खाणं घालतील आणि पाणी सडेल, ही भीती जास्त. किल्ली द्यायचीच असेल तर रोजच्या खाण्याच्या कागदाच्या पुड्या बांधून, तारीख घालून ठेवा.

दिवाळीआधी रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल होणार असेल तर फार सांभाळा. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, तीच हवा जिच्यात फवारणीचं औषध आहे. फवारणीच्या वेळी पंप बंद, टाकी ओल्या चादरीने पूर्ण झाकलेली, आणि खोली नीट मोकळी झाल्यावरच पंप चालू. अगरबत्ती आणि डासांची कॉइलही पंपाजवळ लावू नका.

गोदावरीतून किंवा नांदूरमध्यमेश्वरहून झाडं आणली तर?

नदीतल्या झाडांबरोबर जळवा, चतुराची पिल्लं आणि सांडपाण्यातलं काहीही येऊ शकतं. चतुराचं पिल्लू लहान मासे पकडून खातं. आणि नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथून काडीही उचलायची नाही. बघायला मात्र जरूर जा, पाण्यातली झाडं मोकळ्या जागी कशी वाढतात ते कळतं.

झाडं आणि पिल्लं फार झाली. नदीत सोडली तर चालतील ना?

कृपा करून सोडू नका. गोदावरीत दरवर्षी माजणारी पाणवेली दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे, आणि आपल्या नद्यांत आता सापडणारे सकर मासे टाक्यांमधूनच गेले आहेत. छाटलेली झाडं वाळवून कुंडीत घाला, मासे दुकानात परत द्या किंवा ओळखीत वाटा.

वॅलिस्नेरिया जमिनीलगत धावती फांदी सोडते आणि तिला पिल्लं फुटतात. पिल्लाला चार पानं आणि दोन इंच मुळं झाली की कात्रीने तोडा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत थोडी हवा ठेवून तोंड बांधा. अशी बांधलेली रोपं मी एसटीने पुण्याला बहिणीकडे नेली आहेत. संध्याकाळी लावली तेव्हा एकही पान मोडलेलं नव्हतं.